जपानी सासरी न सांगितलेले नियम कुणाला विचारायचे?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला वर्ष होत आलंय, नवरा जपानी. ओळख पुण्यात कामाच्या निमित्तानं झाली, आता दोघं जपानमधल्या नागानो प्रीफेक्चरमध्ये (म्हणजे प्रांतात) राहतात आणि सासू-सासरे गाडीनं दहा मिनिटांवर आहेत. कुणी वाईट वागत नाही, कुणी टोमणे मारत नाही. पण आंघोळ, जेवण, भेटवस्तू, कचरा, प्रत्येक ठिकाणी आपलं काहीतरी चुकतंय असं चेहऱ्यांवरून कळतं. काय चुकतंय ते मात्र कुणी बोलत नाही. नवरा 'काही नाही, ठीक आहे' म्हणतो. त्या शाकाहारी आहेत. किती बदलायचं आणि कुठे थांबायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं जपानमध्ये दुभाषी म्हणून काम करते. दवाखाना, नगरपालिका, शाळा अशा ठिकाणी भारतीय बायकांसोबत जाता जाता घरातली भांडणं समजून घेणं आणि सोडवायला मदत करणं हेही कामच होऊन बसलं. माझंही सासर जपानी. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'कुणी बोलत नाही' हे आहे. आंघोळ, कचरा वगैरे त्याच्या पोटातले विषय आहेत.

आपल्याकडे नवी सून आली की सांगणाऱ्यांची रांग लागते. आमच्याकडे वरण असंच लागतं, आमच्याकडे गौरी उभ्याच्या असतात, आमच्याकडे संध्याकाळी केर काढत नाहीत. वैताग येतो, पण निदान कळतं तरी! जपानी सासू सांगणार नाही. मोठ्या माणसाला तोंडावर 'हे असं नाही, तसं' म्हणणं म्हणजे त्याचा पाणउतारा, अशी तिची समजूत असते. त्यामुळे तुम्ही दारात काढलेल्या चपला ती तुमची पाठ वळल्यावर गुपचूप उलट फिरवून ठेवेल, टोकं दाराकडे. तुमच्या ते लक्षात येतं आणि तुम्हाला वाटतं, बाई रागावली. बहुतेक वेळा ती रागावलेली नसते. तिनं फक्त चपला फिरवलेल्या असतात.

नवराही काही लपवत नाही. त्याला ते दिसतच नाही. ज्या घरात माणूस वाढला त्या घरची पद्धत त्याला पद्धत वाटत नाही. आपल्याकडच्या एखाद्या तिशीतल्या मुलाला विचारा, नैवेद्याच्या पानात चटणी कुठल्या बाजूला आणि भाजी कुठल्या बाजूला? तो आयुष्यभर त्याच पानात जेवलेला असतो आणि तरी गडबडतो.

मग विचारायचं कुणाला? घरात बाहेरून आलेल्या बाईला. जाऊ असेल तर तिला, ती तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे. नसेल तर नवऱ्याच्या काकूला किंवा मामीला. क्यूशूसारख्या लांबच्या भागातून लग्न करून नागानोला आलेल्या बाईलाही सगळं नव्यानं शिकावं लागतं. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारा लगदा. तिकडचा जव घालून केलेला आणि गोडसर, तुमच्याकडचा शिन्शू (नागानोचं जुनं नाव) मिसो तांदूळ घालून केलेला आणि खारट, इथपासून सुरुवात. तिनं ते डोळे उघडे ठेवून शिकलेलं असतं, म्हणून तिला ते शब्दांत सांगता येतं. शिवाय सासूबद्दल तुमच्याशी बोलायला तिलाही कुणीतरी हवंच असतं, हे आणखी एक.

विचारायची रीतही बदलावी लागते. 'काही आणायला हवं का?' या प्रश्नाला जपानमध्ये 'नको, काही नको' हे एकच उत्तर मिळतं आणि त्याचा अर्थ 'नको' असा नसतो. नवऱ्याला असं विचारा: परवा काकांकडे जाताना मिठाईचा डबा न्यायचा ना? दोन हजार येनचा चालेल की तीन? कोण देणार, तू की मी? दारातच द्यायचा की आत बसल्यावर? (आत बसून नमस्कार-चमत्कार झाले की कागदी पिशवीतून बाहेर काढून दोन्ही हातांनी द्यायचा. पिशवी आपल्याकडे ठेवायची.) असे बारीक प्रश्न विचारले की त्याला एकदम सगळं आठवायला लागतं. 'तुमच्याकडे पद्धत काय आहे?' असं मोघम विचाराल तर तो मान खाजवेल आणि म्हणेल, 'विशेष काही नाही.'

आता आंघोळ. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक मुलींचा पहिला खटका इथेच उडालेला असतो. तुम्ही लिहिलंय की सासरी मुक्काम असला की तुम्ही सकाळी लवकर आंघोळ करून, देवाचं म्हणून मगच स्वयंपाकघरात जाता आणि तरी सासूबाईंचा चेहरा उतरलेला असतो. तुमच्या हिशेबानं तुम्ही आदर्श सून आहात. त्यांच्या हिशेबानं तुम्ही रात्री दिवसभराच्या धुळीसकट त्यांनी उन्हात वाळवलेल्या, स्वच्छ चादर घातलेल्या गादीत शिरलात. जपानी घरात आंघोळ दिवस संपवण्यासाठी असते. आपण ती दिवस सुरू करण्यासाठी करतो. दोघांनाही समोरचा थोडा अस्वच्छ वाटतो, आणि सभ्यपणामुळे दोघंही गप्प बसतात.

ओफुरो म्हणजे टब, पण अंग टबात धुवायचं नसतं. टबाबाहेर बुटक्या स्टुलावर बसायचं, समोर नळ किंवा हातातला शॉवर, छोटं घमेलं. साबण, शाम्पू, सगळं तिथे, आणि फेसाचा एक थेंबही अंगावर न ठेवता धुवून टाकायचं. हे थेट आपल्या बादली-तांब्याच्या आंघोळीसारखं आहे, त्यामुळे आपल्याला जमतं. त्यानंतर केस वर बांधून टबात शिरायचं. पाणी ४०-४२ अंश असतं, पहिल्यांदा भाजल्यासारखं वाटतं. टबात साबण नाही, टॉवेल बुडवायचा नाही, आणि बाहेर आल्यावर बूच अजिबात काढायचं नाही. घरातले सगळे त्याच पाण्यात बसणार आहेत. झाकण परत टाकायचं, म्हणजे पाणी गरम राहतं. शेवटच्या माणसानंतर अनेक घरांत तेच पाणी वॉशिंग मशीनला लावतात.

'दुसऱ्याच्या पाण्यात?' असं तोंड वाकडं होतं, मला माहीत आहे. पण प्रत्येक जण स्वच्छ धुवून आत गेलेला असतो. तरीही नको वाटत असेल, किंवा पाळीचे दिवस असतील, तर टबात न शिरता फक्त धुवून बाहेर या आणि 'आज शॉवर पुरे' म्हणा. कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. सासूबाईंना खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो आणि तो कुठल्याच मुलीच्या डोक्यात येत नाही. त्या 'आंघोळीला जा' म्हणतात, आणि आपण आपल्या संस्कारांप्रमाणे म्हणतो, 'तुम्ही सगळे आटपा, मी शेवटी जाते.' पाहुण्याला पहिला मान असतो. तो जाईपर्यंत बाकीचे खोळंबतात, पाणी निवत जातं. एकदा 'नाही नाही' म्हणा आणि दुसऱ्या वेळी उठा. आणि सकाळचं? संध्याकाळीच सांगून ठेवा की मला पूजेआधी अंगावर पाणी घ्यायची सवय आहे, सकाळी पाच मिनिटं शॉवर घेईन. रात्रीही आंघोळ केलेली असली की सकाळच्या शॉवरचं कुणालाच काही वाटत नाही.

जेवणाचं दुखणं थोडं खोल आहे. सासूबाई तुम्ही आहात म्हणून मांस टाळतात आणि तरी तुम्हाला वास येतो, बरोबर? त्या मिसो सूप कसं करतात ते एकदा शेजारी उभं राहून बघा. पातेल्यातल्या गरम पाण्यात त्या मूठभर तांबूस, कागदासारखे पातळ पापुद्रे टाकतात. मिनिटभरात ते खाली बसतात. गाळण्यातून पाणी गाळून घेतात, पापुद्रे फेकून देतात, मग तोफू आणि वाकामे (समुद्री शेवाळाचाच एक प्रकार) घालून शेवटी मिसो कालवतात. ते पापुद्रे म्हणजे कात्सुओबुशी, वाळवलेला बोनिटो मासा. वाडग्यात मासा कुठेच दिसत नाही, म्हणून त्यांच्या लेखी मासा नाहीच. हे पाणी म्हणजे दाशी. उकडलेल्या भोपळ्यात, पालकाच्या कोशिंबिरीत, नूडल्सच्या बाटलीतल्या सॉसमध्ये, सगळीकडे ते असतं. तुम्ही 'मी शाकाहारी' म्हणता तेव्हा त्यांना एवढंच समजतं की हिला भाज्या आवडतात.

तेव्हा काय खात नाही ते नावानिशी सांगा: कात्सुओबुशी नाही, दाण्यांच्या स्वरूपात मिळते ती तयार दाशीही नाही, कारण तीत बहुधा तेच असतं. आणि लगेच पुढचं वाक्य, काय चालतं ते: कोम्बु, म्हणजे समुद्री शेवाळ, आणि वाळवलेले शिताके, म्हणजे एक प्रकारचे मशरूम. दोन्हीची उत्तम दाशी होते. घरात कोम्बु आणि कात्सुओ दोन्हींची एकत्र दाशी करत असतील तर आणखी सोपं. कोम्बु आधी पाण्यात पडतो, उकळी फुटायच्या आत बाहेर काढतात, आणि मग पापुद्रे जातात. पापुद्रे टाकायच्या आधी एक वाटी पाणी तुमच्यासाठी बाजूला काढायचं, बस्स. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, हे त्यांना दिसलं की अर्धं ओझं उतरतं.

एक शब्द पाठ करून ठेवा: शोजिन र्योरी. बौद्ध मठांतला मांस-मासे नसलेला स्वयंपाक. इसवी सन ८१६ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूंनी स्थापलेल्या, कोयासान डोंगरावरच्या मठांत आजही मुक्कामी लोकांना तोच वाढतात. 'मी शोजिनसारखं खाते' म्हणालात की ती तुमची परदेशी खोड राहत नाही, सासूबाईंच्या ओळखीची, आदराची गोष्ट होते. फक्त त्यात कांदा-लसूणही नसतो, तेव्हा तुम्हाला चालतो हे सांगायला विसरू नका. तुमच्या भागातल्या ओयाकीमध्ये, म्हणजे कणकेच्या भरलेल्या गोळ्यांत, भोपळ्याचं किंवा गोड अझुकीचं (लाल चवळीसारखं कडधान्य) सारण असतं. पहिल्यांदा एकत्र काही करायचं असेल तर ते करा, कणीक मळणं तुम्हाला त्यांच्यापेक्षा चांगलं येईल.

आणि भिडेखातर 'आजच्या दिवस खाते' असं कृपा करून करू नका. एकदा खाल्लंत की 'तिला चालतं' अशी नोंद होते आणि पुढच्या वेळी मुद्दाम, प्रेमानं तेच वाढलं जातं. पाच वेळा खाऊन सहाव्यांदा नाही म्हणणं हा मग खरोखरच अपमान ठरतो. मासे खायचे की नाही हा निर्णय तुमचा. तो एकदाच घ्या आणि पहिल्या महिन्यात सांगा. तुमचा पहिला महिना तर गेला, म्हणजे या रविवारी.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. इथे सासूला विचारायची गरजच नाही, नगरपालिकेची छापील पुस्तिका आणि वारांचं कॅलेंडर असतं, ते फ्रिजवर चिकटवा. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढून, खळबळून. ठरलेल्या सकाळी, बहुतेक ठिकाणी आठ-साडेआठच्या आत, आदल्या रात्री नाही, कारण कावळे पिशव्या फोडतात. काही गावांत पिशवीवर नाव लिहावं लागतं आणि चुकीची पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडून देतात. सगळ्या गल्लीला दिसते. तोकुशिमा प्रीफेक्चरमधल्या कामिकात्सु या गावात चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण करतात, त्या मानानं तुमचं बरं चाललंय.

शेजाऱ्यांना भेटला होतात का? राहायला आल्यावर समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन, इतक्यांना छोटीशी भेट घेऊन तोंड दाखवायचं असतं. टॉवेल, साबणपावडर असलं काहीतरी. राहिलं असेल तर उशिरा का होईना, जाऊन या. वस्तीच्या मंडळाची सूचनांची पाटी घरोघर फिरते, कायरानबान. ती वाचून सही करून लगेच पुढच्या घरी पोचवायची. जपानी वाचता येत नाही म्हणून ती चार दिवस तुमच्याकडे पडून राहिली तर पुढच्या घरच्या आजी सासूबाईंना बोलतील, तुम्हाला नाही. फोटो काढून नवऱ्याला पाठवा आणि पाटी त्याच दिवशी सरकवा.

देण्याघेण्यात आपल्याला काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. आपण एकशे एक, पाचशे एक देतो, तसं जपानी लग्नातही नोटांची संख्या विषम लागते: मित्राच्या लग्नात साधारणपणे ३० हजार येन, म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा, कोऱ्या करकरीत. अंत्यविधीला उलट, नोटा वापरलेल्या किंवा मुद्दाम घडी घातलेल्या, कारण कोऱ्या नोटा म्हणजे जणू मरणाची तयारी करून बसला होतात. चार आणि नऊ हे आकडे टाळायचे. डब्यात चार लाडू नकोत, तीन किंवा पाच ठेवा.

जे अजिबात ओळखीचं नाही ते परतफेडीचं गणित. मोठी भेट मिळाली की तिच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत किमतीचं काहीतरी परत पाठवावं लागतं. म्हणून तुमच्या आईनं हौसेनं सासूबाईंना पैठणी आणि चांदीचा करंडा पाठवला तेव्हा त्या खूश दिसल्या नसतील, थोड्या घाबरलेल्या दिसल्या असतील. हे आईला फोनवर समजावणं सोपं नाही. तिला सांगा, थोडं थोडं आणि संपणारं पाठव. चहापावडर, काजू, चांगल्या साबणाची पेटी.

आभाराचंही असंच. आपण घरच्या माणसांना 'धन्यवाद' म्हणालो तर ती म्हणतात, परक्यासारखं काय बोलतेस! इथे घरातसुद्धा आभार मानतात, आणि दोनदा मानतात. सासूबाईंनी रविवारी जेवू घातलं तर निघताना एकदा, आणि पुढच्या भेटीत दार उघडल्या उघडल्या पुन्हा: 'त्या दिवशीचं जेवण छान होतं.' हे दुसरं राहिलं की पहिलं वाया जातं. तुमच्या पत्रातल्या 'उतरलेल्या चेहऱ्यां'पैकी काही याचेच असावेत असा माझा अंदाज आहे. फोनमध्ये टिपून ठेवा, कुणी काय दिलं, कुठे नेलं. सगळ्या जपानी बायका हे डोक्यात टिपतच असतात.

आता ज्या गोष्टीची आधी तयारी करून घेतलेली बरी तिच्याकडे येते. घरात बुत्सुदान असेल, पूर्वजांचं देवघर. सकाळचा पहिला भात तिथे ठेवतात, छोटी घंटा वाजवून हात जोडतात. आपल्याला हे करायला काहीच जड जात नाही आणि सासूबाईंना ते फार भावतं, तेव्हा घरात शिरल्यावर सगळ्यात आधी तिथे जा. १३ ते १६ ऑगस्ट ओबोन. पितर घरी येतात, दारात छोटा जाळ करतात, काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा आणि वांग्याची गाय करतात. येताना लवकर यावेत म्हणून घोडा, जाताना रमतगमत जावेत म्हणून गाय. पितृपक्ष पाळणाऱ्या घरातल्या मुलीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. थडगी घासून धुणं, फुलं, उदबत्ती, सगळं काम असतं. तेव्हा पाहुणीसारखं उभं न राहता हातात बादली घ्या.

पण मृत्यू झाला की आपली ओळख एकदम संपते. जपानमध्ये जवळपास सगळ्यांचं दहन होतं. दहनानंतर घरची माणसं पुन्हा आत जातात, राखेतून अस्थी गोळा करायला. दोघं दोघं मिळून, लांब चॉपस्टिक्सनी, एकेक अस्थी उचलून कलशात ठेवतात. पायाकडून सुरुवात करून वर, शेवटी मानेतलं एक हाड. सुनेनं यात असणं धरलेलं असतं. ज्या घरात बायका स्मशानात जात नाहीत त्या घरातल्या मुलीला आजेसासऱ्यांच्या वेळी अचानक हातात चॉपस्टिक्स दिल्या जातात, तेव्हा तिचं काय होतं ते मी पाहिलंय. जमणार नसेल तर नाही म्हणता येतं, पण ते नवऱ्यानं घरच्यांना आधी सांगायला हवं. तिथे उभ्या उभ्या नाही. म्हणून घरात कुणी खूप वयस्क असेल तर हा विषय आजच नवऱ्याशी काढा. जेवताना चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर घास का द्यायचा नाही, भातात चॉपस्टिक्स उभ्या का खोचायच्या नाहीत (तसा भात मृताला ठेवतात), याचाही उलगडा इथेच होतो. कपडे काळे, दागिन्यांत लग्नाची अंगठी आणि मोत्यांचा एक सर चालतो. मंगळसूत्र कॉलरच्या आत सरकवा, काढायची गरज नाही. त्यानंतर वर्षभर घरात नववर्षाच्या शुभेच्छा देत-घेत नाहीत. आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत, तेच.

मूल होणार असेल तेव्हाचं थोडक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी ही पद्धत जपानमध्येही आहे. तुमचं माहेर लांब, म्हणून आई इथे येईल, ९० दिवसांच्या व्हिसावर, डिंकाचे लाडू आणि बाळाच्या मालिशचं तेल घेऊन. दोन आज्या एका छोट्या फ्लॅटमध्ये! कोण कुठल्या आठवड्यात, हे दोघींना वेगवेगळं आणि आधीच सांगून टाका. जन्माची नोंद नगरपालिकेत १४ दिवसांत करावी लागते आणि त्यात नाव लागतं. बारसं बाराव्या दिवशी असतं, म्हणजे बसतं त्यात, पण 'नावाचं नंतर बघू' चालणार नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा बाळाच्या पासपोर्टबद्दल दूतावासाला आधीच विचारा.

कागदपत्रांत एक गोष्ट बायकांना उशिरा कळते. आडनाव एकच असण्याची जपानची सक्ती दोघंही जपानी असलेल्या जोडप्यांना आहे. परदेशी जोडीदाराशी लग्न झालं तर आपोआप काहीही बदलत नाही. नवऱ्याला तुमचं आडनाव लावायचं असेल तर लग्नापासून सहा महिन्यांत साध्या अर्जानं होतं, नंतर कौटुंबिक न्यायालयाची परवानगी लागते. तुम्हाला शेजारी नवऱ्याच्या आडनावानं हाक मारतात त्याला कायदेशीर अर्थ नाही. जोडीदार म्हणून मिळालेल्या व्हिसावर नोकरीला कसलंही बंधन नाही. आणि रहिवासी कार्ड कायद्यानं तुमच्याजवळ असायला हवं. 'हरवशील म्हणून मी ठेवतो' किंवा 'सासूबाई ठेवतात' ही कुठल्याच संस्कृतीतली पद्धत नाही. तुमच्या पत्रात असं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात असेल, म्हणून लिहिलं.

कुठे थांबायचं, असं विचारलंत. माझं मत सांगते. चपला, आंघोळीचा क्रम, आभार, कचरा, भेटीचा डबा, यात सगळं त्यांच्या पद्धतीनं करा, मनात कसलाही हिशेब न ठेवता. त्यात तुमचं काही जात नाही आणि घरातला निम्मा ताण ओसरतो. काय खाता, आई-वडिलांना पैसे पाठवता की नाही, मुलाशी मराठीत बोलता की नाही, नोकरी करता की नाही, यात तसूभरही मागे हटू नका. पैशाचं तर लगेच बोला. बऱ्याच जपानी घरांत नवरा पगार बायकोच्या हातात देतो आणि तिच्याकडून हातखर्चाला घेतो, त्यामुळे तुमच्या नवऱ्याला पैशांचा विषय काढण्यात संकोच नसतो. संकोच आपल्यालाच असतो. आणि नागानोमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही, तेव्हा लायसन्सची परीक्षा द्या. नवऱ्याच्या सवडीनं सासरी जाणारी सून आणि स्वतः गाडी चालवत येऊन पाच वाजता 'निघते हं' म्हणणारी सून, यांना मिळणारी वागणूक वेगळी असते. भाषेसाठी गावातल्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा स्वयंसेवकांचा वर्ग असतो, जवळजवळ फुकट. तिथल्या निवृत्त शिक्षिका मी वर सांगितलेल्या जावेची जागा छान भरून काढतात.

एकच राहिलं. मेंदी लावून गरम पाण्याच्या झऱ्यावर, ओन्सेनला, जाऊ नका. अनेक ठिकाणी गोंदण असलेल्यांना आत घेत नाहीत आणि दारातल्या माणसाला मेंदी आणि गोंदण यातला फरक कळत नाही. सासूबाईंसमोर ती हुज्जत नको.

दिवाळीला त्यांना बोलावू का, असंही शेवटी विचारलंय. बोलवाच. इथे सुट्टी नसते आणि तारीख दर वर्षी बदलते, म्हणून नववर्षाच्या भेटीतच त्यांच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून या. पणत्या लावणार असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगा, आगीला सगळे घाबरतात. फराळात चकली आणि चिवडा सासऱ्यांना बिअरबरोबर आवडेल, लाडू सगळ्यांनाच फार गोड वाटतील, ते लहान वळा. जाताना बरोबर द्यायचं ते एकत्र डब्यात भरू नका. एकेक चकली वेगळी पाकिटात बंद करून द्या, म्हणजे सासूबाईंना ती शेजारी वाटता येईल.